रणधीररावांचं वजन

बंद पडलेल्या धावपट्टीवर दोन दांडग्या एसयूव्ही शर्यतीत भिडल्या. ताशी शंभरचा वेग आधी कोण गाठतं, हे ठरायचं होतं. मोटार क्लबचे अध्यक्ष रणधीरराव घारे यांची लाल गाडी एका सभासदाच्या काळ्या गाडीपुढे अर्ध्या सेकंदाने हरली.

रणधीरराव कडाडले, "मी सव्वाशे किलोचा, म्हणून हरलो! निकाल माझ्या नावाने लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

वेळ मोजणाऱ्या मृणालिनी ताम्हनकर शांतपणे म्हणाल्या, "मग गाड्या बदलून पळवा, साहेब."

या वेळी काळ्या गाडीतले रणधीररावच जिंकले! आपलीच लाल गाडी मागे पडलेली पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मृणालिनी म्हणाल्या, "काळ्या गाडीने तुमचं वजन सहज पेललं, साहेब. आमच्या निकालाला मात्र ते पेलवणार नाही."

रणधीररावांनी पहिल्या शर्यतीच्या खऱ्या निकालावर सही केली.