शेवरीच्या हरवलेल्या बिया

"डोकं माझं शाबूत आहे, पण माझं ऐकतंय कोण!" खूप जुन्या काळी रानातली शेवरी नावाची शेकरू कडाडली. लपवून ठेवलेल्या बिया तिला सापडत नव्हत्या आणि पिलं उपाशी होती.

"वय झालं गं बाई तुझं," वानरीण हसली.

रानाचा राखणदार कोतवाल पक्षी पान हललं तरी "गरुड आला!" म्हणून दिवसभर बोंबलायचा. त्या धसक्यानं कुणाला ना धड झोप लागायची, ना काही लक्षात राहायचं. एकदा त्याचा घसा बसला. सगळं रान पेंगलं, शेवरीही घोरली. संध्याकाळी त्यानं कशीबशी एकच हलकी शीळ घातली. शेवरीनं जागी होऊन कान टवकारले आणि बिया लपवलेली ढोली तिला लख्ख आठवली. पिलं पोटभर जेवली.

शेवरीनं हुश्श केलं. "बघ गं वानरिणी, राखणदार हळू बोलला की सगळं आठवतं. इतके दिवस माझ्या पिलांना उपाशी कुणी मारलं, कळलं का आता? कोतवालानं!"