सातवा परस

वाकून बघा, पण कठडा धरून. डाव्या अंगाला दगडात आडव्या खुणा दिसतात ना, त्या सहा आहेत. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक परस. हात वर करून उभा राहिलेला माणूस, एवढा परस. विहीर किती खोल, पाणी किती, हे पूर्वी यानंच सांगत. ही विहीर सात परस. सातवा त्या शेवटच्या खुणेखाली, पाण्यात आहे.

सांगतात ते असं. तिम्मा वडार आणि त्याची बायको नागव्वा गावोगाव पाल टाकून फिरत. इथल्या देशमुखानं बोली केली, सात परस विहीर खणून दे, त्या चिंचेखालची जागा तुझी. तिम्मानं स्वतःच्या अंगानं मोजत, दर परसाला छिन्नीनं खूण करत विहीर उतरवली. सातवा परस भरला त्याच दुपारी तळाला झरा फुटला.

पाणी चढण्याआधी माप व्हावं म्हणून तिम्मानं निरोप धाडला. देशमुख जेवून, पान खाऊन आला. तोवर पाणी छातीला लागलं होतं. तिम्मानं हात वर करून सहाव्या खुणेला बोटं टेकवली.

"पाय टेकलेत कशावरून? तरंगत असशील," देशमुख वरून म्हणाला.

"टेकल्यात, सरकार."

आणि पाय उचलू नयेत म्हणून तिम्मानं ते तळच्या दगडाखाली खुपसले म्हणे.

देशमुखानं दोर वर ओढून घ्यायला लावला. दोर धरला की माणूस उचलला जातो, माप खोटं होतं. मग कारकुनाला पहिल्या खुणेपासून मोजायला सांगितलं, सावकाश, दोनदा. नागव्वा पाया पडत होती. दुसऱ्यांदा सहावी खूण आली तेव्हा पाण्यावर नुसता पंजा उरला होता, खुणेला टेकलेला.

"भरला," देशमुख म्हणाला.

मग दोर सोडला. तो धरायला पंजा हलला नाही. नागव्वानं जागा मागितली तर म्हणाला, "बोली तिम्माशी होती." त्याच संध्याकाळी तिचं पाल उठवलं. जाताना ती एवढंच बोलली, "मोजून घेतलंसा, आता पिऊन दावा." मला त्या माणसाची चीड येते, उगाच सारवासारव करणार नाही.

आजही उन्हाळ्यात भोवतालच्या विहिरी कोरड्या पडतात, पण इथलं पाणी सहाव्या खुणेखाली उतरत नाही. सातवा परस कुणी पाहिलेला नाही. गावात नवी विहीर मोजताना सहानंतर सात म्हणत नाहीत, तिम्मा म्हणतात. आणि त्या देशमुखाच्या वंशात हे पाणी कुणी तोंडाला लावत नाही.

तुम्ही प्या. गोड आहे म्हणतात. मी देशमुखांचा, ऐंशी वर्षं याच्या काठावर काढली, पण मला चव ठाऊक नाही.