दोर ओढणारा बुधाजी

खाडीवर पूल नव्हता, पैलतीरावरून हाक मारली की होडी यायची, त्या काळातली ही गोष्ट. होडी होती लखू नावाड्याची. शिमग्यात वाघजाईची पालखी तोच पलीकडच्या बेलवाडीला न्यायचा.

एका वर्षी बेलवाडीने खोताची वेठ नाकारली. खोत म्हणाला, "देवी पलीकडे जायची नाही." ज्या वाडीत पालखी गेली नाही ती वाडी गावातून उठली, अशी तेव्हाची रीत. लखू म्हणाला, "मी नेणार." खोताच्या माणसांनी त्याला भर बाजारात मारलं. त्यातच तो गेला.

मागे राहिला धाकटा भाऊ बुधाजी. तापट, अक्षरशत्रू. लखूचं दहावंही झालं नव्हतं, तरी पालखीच्या दिवशी तो काठावर येऊन उभा राहिला.

खोत हसला. "अरे, तुला सुतक! देवीला शिवतोस?"

"नाही शिवत. होडीलाही नाही."

"मग काय फुंकर मारून नेणार?"

"दोर बांधून पाण्यातून ओढणार. पाण्याला कसलं आलंय सुतक?"

म्हातारा गुरव कळवळला. "बुधा, ओहोटी लागलीय रे. समुद्रात जाशील."

"देवी होडीत बसली की ओहोटी तिची, गुरवकाका. खोताची नव्हे!"

भोई माना खाली घालून उभे होते. तेवढ्यात पालखी त्यांच्या खांद्यांवर उसळली. त्यांना फरफटत घेऊन निघाली आणि होडीत जाऊन बसली. वाटेत दांडी लागून खोताचं पागोटं चिखलात पडलं, असं म्हणतात.

बुधाजीने दोर छातीला बांधला आणि झेप घेतली. "लखूदादा, बघ! नेतोय रे!" तो रडत होता, खोताला शिव्या घालत होता आणि पोहत होता. पुढे पाणी चढत गेलं, मागे आटत गेलं. पाठलागाला निघालेली खोताची होडी चिखलात रुतली, ती रुतलीच, असं म्हणतात.

बेलवाडीत ढोल वाजले. होडी काठाला लागली. दोर ताठ होता, पण टोकाला कोणी नव्हतं.

वाघजाईने त्याला भावाकडे पोचवलं, असं म्हणतात. बेलवाडीच्या बायकांना ते पटत नाही. "गेलाय कुठे? ओढतोय अजून," असं त्या म्हणतात.

आता पूल झालाय. पालखी पुलावरून जात नाही. होडीलाच दोर बांधतात, आणि ज्या घरात सुतक असेल त्या घरची माणसं तो धरून छातीभर पाण्यात उतरतात. बाकीच्या गावांत त्यांना लांब उभं करतात. इथे त्यांच्यावाचून देवी हलत नाही.