मोजक्या टाळ्यांची रेकॉर्ड

एकदा एक व्हायोलिन वाजवणारी तरुणी आपल्या वृद्ध गुरूंना एक निर्णय सांगायला पुण्याहून बेळगावला गेली. तिचं नाव अवनी सामंत. गुरूंचं नाव आल्बेर कुटिन्हो. तारुण्यात ते हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवत. पुढे बेळगावच्या कॅम्प भागातल्या आपल्या घरी त्यांनी मुलांना व्हायोलिन शिकवलं. आता गुडघे थकले होते, कान मात्र तसेच होते.

अवनीने दोन मित्रांसह एक रेकॉर्डिंग केलं होतं. तिचं व्हायोलिन, इम्तियाजची बास गिटार आणि सुदेशचे ड्रम. मारवा राग आणि जॅझची लय यांचा मेळ घालण्यासाठी तिघांनी जीव ओतला होता. इंटरनेटवर ते प्रसिद्ध झालं आणि काहीच घडलं नाही. ओळखीच्यांनी ‘छान’ म्हटलं, एवढंच. कार्यक्रमाच्या आयोजकांकडे गेली, तर ते म्हणाले, “मॅडम, लोकांना माहीत असलेलं काहीतरी वाजवा ना.” शेवटी लग्नसमारंभात लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात तिने जागा पत्करली. ते रेकॉर्डिंग कायमचं काढून टाकायचं, असंही ठरवलं. मित्रांनी जड मनाने होकार दिला होता.

सकाळची उन्हं अंगणात उतरली होती. अवनीने सारं सांगितलं. कुटिन्हो सरांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बरं. आता आलीच आहेस तर बस. एक रेकॉर्ड ऐकू.”

त्यांनी कपाटातून एक जुनी रेकॉर्ड काढली. वेष्टनावरची नावं अवनीने कधी ऐकली नव्हती.

“कोण आहेत हे, सर?”

“अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावातले चार वादक. याहून अधिक मलाही ठाऊक नाही. माझा भाऊ बोटीवर होता, त्याने आणली.”

सुई टेकली. एका छोट्या क्लबमध्ये, लोकांसमोर केलेलं ते रेकॉर्डिंग होतं. आधी ग्लासांची किणकिण, कुणाचंतरी हसणं, आणि मग पियानोने धरलेली संथ ब्लूजची चाल. त्यावर सॅक्सोफोन बोलू लागला. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने पायरीवर बसून आपली कहाणी सांगावी, तसा तो सूर होता. व्यथेचा, पण तक्रारीचा नव्हे. मध्येच सॅक्सोफोन चिरकला. अवनी दचकली. वादकाने मात्र तोच चिरका सूर पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि त्या चुकीचीच एक सुंदर जागा करून तो पुढे गेला. पियानोवाल्याने ती जागा लगेच उचलली. बास आणि ड्रम खालून दोघांना सावरत होते. अवनी आपण कशासाठी आलो आहोत हेच विसरली.

वादन संपलं. रेकॉर्डवर टाळ्या वाजल्या, अगदी विरळ. चार-पाच माणसांच्या असाव्यात. आणि कुटिन्हो सर खुर्चीचा हात धरून कष्टाने उठले. उभे राहून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रेकॉर्डवरच्या टाळ्या थांबल्या तरी सर थांबेनात.

सरांना वयामुळे भान राहिलं नाही की काय, अशी शंका अवनीच्या मनात आली.

“सर, बसा ना. तुमच्या टाळ्या तिथं कोणाला ऐकू जाणार?”

सर बसले. त्यांना थोडी धाप लागली होती.

“कोणालाच नाही,” ते म्हणाले. “तो माणूस हयात आहे की नाही, तेही मला माहीत नाही. पण अवनी, त्या चिरक्या सुराचं त्याने काय केलं, ऐकलंस ना? समोर चार डोकी, तीही आपापल्या गप्पांत. तरी त्याने एक सूरही स्वस्तात सोडला नाही. मी हॉटेलात वाजवायचो, तेव्हा लोक जेवत असत. मी मनात म्हणायचो, ‘ऐकतंय कोण? उरका.’ मग ही रेकॉर्ड हाती आली आणि मला माझीच लाज वाटली. सूर आपल्या वेळेला निघतो; ऐकणारा त्याच्या वेळेला पोहोचतो. कधी समुद्र ओलांडून, कधी फार उशिरा. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, यात त्याच्या वादनाचं काय उणं? ऐकणारा अजून वाटेत आहे, इतकंच. टाळ्या थोड्या पडल्या म्हणून त्या रात्री त्याने या वादनाची ध्वनिफीत फेकून दिली असती, तर मी कुठे जाऊन काय ऐकलं असतं?”

अवनीने रेकॉर्डचं वेष्टन उचलून ती अनोळखी नावं पुन्हा वाचली.

“लग्नात वाजव. पोटासाठी वाजवण्यात कमीपणा नाही, मीही तेच केलं,” सर म्हणाले. “पण जे काढून टाकणार आहेस, ते मला एकदा ऐकव तरी. मला कधी दाखवलंच नाहीस.”

ती ओशाळली. सरांना आवडणार नाही या भीतीने तिने ते कधी पुढे केलंच नव्हतं. तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. सर डोळे मिटून ऐकत राहिले. संपलं, तेव्हा त्यांनी ना मान डोलावली, ना टाळी वाजवली.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “तू मधे वरच्या धैवतावर थांबतेस ना, तिथे तुझा बासवाला काहीतरी फार छान म्हणतो. मला ते नीट ऐकायचंय.”

“इम्तियाज? तिथे?”

तिला ते आठवेना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की किती जणांनी ऐकलं हे ती रोज पाहत आली होती. पण प्रसिद्ध झाल्यापासून स्वतः मात्र एकदाही ऐकलं नव्हतं.

तिने ते पुन्हा लावलं. या खेपेस त्या रेकॉर्डिंगला दोन श्रोते लाभले.