काळकड्यावरची राणी

एका राज्यात हिरण्यकेतू नावाचा राजा होता. राज्य भरलेले होते, पण राजाचे मन रिते. त्याची राणी मलयवती हिने शापित खजिन्यातला एक हार गळ्यात घातला आणि तत्क्षणी ती पाषाण झाली. मांत्रिक कालदंष्ट्राने तिला काळकड्यावरच्या गुहेत नेऊन ठेवले. सोडवायला गेलेले सरदारही तिथेच पाषाण झाले.

मागे तान्ही राजकन्या राहिली, कुवलया. राजाने तिला इतके जपले की मोठी झाली तरी तिला जिनासुद्धा एकटीने उतरू दिला नाही.

एके सकाळी गवाक्षात भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, त्या कड्यावर शस्त्राचे गवत होते आणि मंत्र मुका होतो. अंगात मुरलेले बळ तेवढे चालते. हाराची गाठ राणीच्या लेकीच्याच हाताने सुटेल."

"हिच्यावाचून मला कोण आहे?" राजा म्हणाला.

"तात, आधी मला तयार होऊ द्या," कुवलया म्हणाली. "मग अडवा."

राजाने म्हाताऱ्या मल्लिणीला, गिरिजाक्काला बोलावले. तिने प्रथम पडायला शिकवले. "बाळे, पडणे कुणाला चुकले नाही. मोडायचे नाही, एवढेच शिकायचे."

कुवलया पडली, उठली. जोर काढले, मल्लखांब चढली, पाण्याखाली दम कोंडायला शिकली. तळहात सोलवटले की राजा स्वतः त्यांना लोणी लावी. एके दिवशी त्याने तिचे मनगट घट्ट धरले, सोडीना. कुवलयेने ते अलगद फिरवले आणि हात मोकळा केला. राजाचे डोळे भरले. "जा," तो म्हणाला.

वाटेत पाताळनदी लागली; ती दम कोंडून तळातून पार झाली. पुढे आरशासारखा गुळगुळीत कडा. तो ती बोटांच्या जोरावर चढली. वर कालदंष्ट्र उभा होता.

"पोरी, तुला भय नाही?"

"आहे," ती म्हणाली. पण तिचा श्वास संथ होता.

त्याने तिचा गळा धरला. ती मागे सरली नाही. त्याला घेऊनच पाठीवर पडली आणि दोन्ही पायांनी त्याला डोक्यावरून भिरकावले. तो कड्याखाली गेला आणि तळ गाठण्याआधीच त्याची राख झाली.

तिने हाराची गाठ सोडली. पाषाण उबदार झाला आणि राणीने डोळे उघडले.

"तू कोण, मुली?"

"मी कुवलया, आई."

राणी उठू गेली, पण पायांत अजून दगडाचे जडपण होते. कुवलया पाठ करून वाकली.

"मी जड होईन गं तुला."

"होऊ दे. बैस."

कड्याला पायऱ्या फुटल्या होत्या, पाताळनदीला उतार पडला होता. जागे झालेले सरदार मागून चालले. वेशीवर नौबत झडणार, तोच राजा धावत सामोरा आला. लेकीच्या घामेजल्या मानेवर राणीचा गाल टेकला होता.

"हळू, तात," कुवलया कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."