वाइओलाच्या कुंडावरची हाक

हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, लाव्ह्याच्या काळ्या खडकांत एक लहानसे कुंड आहे. समुद्र चार हातांवर, तरी पाणी गोड. भरतीला कुंड बुडते, ओहोटीला उघडे पडते. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाने सर्वांत लहान मुलाला नावाने हाक मारल्याशिवाय इथे कोणी ओंजळ भरत नाही. कुंड दाखवणाऱ्या लेहुआ आजी पाहुण्यांना याचे कारण सांगतात.

पूर्वी म्हणे इथे गोड पाणी नव्हते. डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी वाळक्या भोपळ्यांत भरून आणावे लागे. एका वर्षी पाऊस आला नाही, झरा आटत गेला, अळूची खाचरे भेगाळली. त्याच वर्षी नोहेआ नावाची तरुणी बाळंत झाली, मुलगी झाली.

नोहेआला आधीच स्वप्नात नाव ऐकू आले होते : वाइओला. वाइ म्हणजे पाणी, ओला म्हणजे जीवन. आपल्या मराठी 'ओल्या'शी त्याचे नाते नाही. त्यांच्या भाषेत वाइओला म्हणजे जीव जगवणारे पाणी. स्वप्नातले नाव पूर्वज धाडतात आणि ते नाकारले तर मूल खंगते, असे तिथे सगळेच मानत. पण नोहेआचे आजोबा कानेकोआ, गावातले सर्वांत वयस्क, ऐकेनात. सगळे त्यांना टूटू, म्हणजे आजोबा, म्हणत.

"नावाचं स्वप्न वडीलधाऱ्यांना पडतं. तुला नुसती तहान लागली होती."

"मग तुम्हाला पडलं का, टूटू?"

"पडेल."

"तोवर हिला काय, 'ए' म्हणून हाक मारू?"

टूटूंनी बाळाला स्वतःच्या आईचे नाव ठेवले. बाळाने दूध सोडले. बायकांनी पाला चोळला, प्रार्थना केल्या. नाव बदलायचे मात्र कोणी तोंडातून काढेना, कारण मग टूटू चुकले असे म्हणावे लागले असते.

नोहेआला आता दम निघेना. भर दुपारी ती बाळाला घेऊन किनाऱ्यावर उतरली. सारा गाव ओरडत मागे आला.

"तुम्हाला ऐकायचं नाही ना? मग समुद्राला सांगते!" ती म्हणाली आणि आवाज फाटेपर्यंत ते नाव पुकारत राहिली.

ओहोटी सरत आली होती. खडकाच्या फटीत तिच्या पावलांना एकदम गार लागले. तिने बोट बुडवून चाखले. गोड! ओले बोट तिने बाळाच्या ओठांना लावले. बाळाने ते चोखले.

टूटू भोपळा घेऊन पुढे आले. नोहेआ फटीवर आडवी बसली.

"आधी हिला हाक मारा."

"मी तुझा आजोबा आहे."

"म्हणूनच आधी तुम्ही."

टूटू तसेच उभे राहिले. त्यांच्या आधी पाण्याला हात लावायची कोणाची छाती होईना. घसे कोरडे पडले होते, आणि भरती चढू लागली होती. पहिली लाट फटीपाशी आली तेव्हा टूटू वाकले, काहीतरी पुटपुटले.

"तिला ऐकू जायला हवं."

"वाइओला!" टूटू ओरडले.

तेव्हा म्हणे बाळाने असे भोकाड पसरले की डोंगरापर्यंत ऐकू गेले, आणि मग ते आईला बिलगून दूध पिऊ लागले.

आजही ती रीत मोडलेली नाही. सध्या गावात सर्वांत वयस्क लेहुआ आजीच आहेत आणि सर्वांत लहान त्यांची पणती. नातीने ठेवलेले नाव आजींना पसंत नाही, हे त्यांच्या तोंडावरच दिसते. तरी ओहोटीला त्या कुंडाशी वाकतात आणि ते खणखणीत पुकारतात. भरती कोणासाठी खोळंबत नाही.