महाराजांच्या मोजड्या आणि सर्व्हरचे पत्ते

काल रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कॉलेजातलं माझं नेमणूकपत्र अकरा महिन्यांचं, ते तीस तारखेला संपतंय. त्याआधी झाडून सगळ्यांच्या मशीनना कायमचे पत्ते द्या, असा साहेबांचा हुकूम आहे. मशीन पाचशे, पत्ते अडीचशे! सकाळी वेणी घालताना मनवानं विचारलं, "आई, मशीनला पत्ता कशाला लागतो?" मी समजावायला गेले, तर तिला जांभई आली. माझ्या शिकवण्याला बहुतेकांना येते. मग गोष्टच सांगितली.

डौलगडच्या रणधवल महाराजांनी राजवाड्यात यंत्रं आणली आणि मोठा घोळ झाला! प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागे. पत्ता असला तरच निरोप पोचणार. पत्ते वाटायला दफ्तरखान्यात एक थोरलं यंत्र होतं, सर्व्हर. तो सांभाळायला सगुणा. देवीच्या देवळापुढं चपला सांभाळणाऱ्या तुळसाबाईची ही लेक. सर्व्हरकडे पत्ते दोनशे चोपन्न. त्यापुढं एकही नाही.

महाराज म्हणाले, "दिलेलं परत घेणं आमच्या घराण्यात नाही! माझ्या राज्यात ज्याला जो नंबर दिला, तो त्याचा कायमचा!"

झालं! दिवाणजींनी पत्त्यांच्या सनदा काढल्या, शिक्क्यानिशी. सरदारांनी एक पत्ता स्वतःला घेतला, एक बायकोला, एक होणाऱ्या जावयाला. एका मानकऱ्यानं तर वारलेल्या आजोबांच्या नावे घेतला आणि सनद त्यांच्या फोटोखाली टांगली. दुपारपर्यंत पत्ते खलास! मुदपाकखान्याला पत्ता नाही, वैद्यांना नाही. राणीसाहेबांना ताप आला, त्याचा निरोप वैद्यांना पोचलाच नाही. शेवटी माणूस धाडून काढा आला, तेव्हा राणीसाहेब बऱ्या होऊन बागेत झोपाळ्यावर बसल्या होत्या.

महाराज कडाडले, "सगुणे! तीन दिवसांत प्रत्येकाला पत्ता मिळाला पाहिजे! नवा पत्ता वाढवायचा नाही, दोघांना एक द्यायचा नाही, आणि आमचा हुकूम मोडायचा नाही! नाहीतर नोकरी गेली म्हणून समज!"

दिवाणजी मिशीत हसले. "काळजी कशाला, महाराज? चपला आहेतच हिला सांभाळायला!"

"आहेत की, दिवाणजी," सगुणा म्हणाली. "तिथं रोज दोन हजार माणसं येतात. कप्पे साठ. पण आजवर कुणी चप्पल हातात धरून देवीपुढं गेलं नाही!"

दरबार खदाखदा हसला. कुणालाच काही कळलं नव्हतं.

घरी जाऊन सगुणानं आईला सांगितलं, "आई, उद्यापासून दिलेला बिल्ला परत घ्यायचा नाही. ज्याला दिला, त्याचा तो कप्पा कायमचा."

"अगं, कुणाचं डोकं फिरलंय?"

"नाव घेऊ नकोस. हुकूम आहे!"

तिसरा दिवस शुक्रवारचा. महाराज लवाजम्यासह आरतीला आले. मोत्याच्या मोजड्या काढल्या आणि तुळसाबाईपुढं धरल्या.

"बिल्ला नाही, महाराज," तुळसाबाई म्हणाली. "साठच्या साठ गेले."

"गेले? अगं, कप्पे तर सगळे रिकामे दिसताहेत!"

"रिकामे आहेत, पण मोकळे नाहीत. हा सात नंबर परवा आलेल्या कासाराचा, तो गेला सासुरवाडीला. हा बारा नंबर एका बाईंचा, त्या आता पुढच्या नवरात्रात येणार. नंबर कायमचे झालेत ना!"

महाराजांनी मोजड्या पायरीवर ठेवायला वाकून पाहिलं. देवळाचं कुत्रं लगबगीनं पुढं आलं. महाराजांनी मोजड्या छातीशी धरल्या. आत घंटा सुरू झाली.

"म्हणजे आम्ही देवीपुढं जोडे हातात घेऊन उभं राहायचं? कोणत्या गाढवाचा हा नियम?"

दिवाणजी आभाळाकडे पाहू लागले.

"जो येईल त्याला बिल्ला द्या!" महाराज ओरडले. "गेला की परत घ्या! आणि न देता घरी गेला, तर प्रहर उलटताच त्याचा बिल्ला रद्द!"

"दिवाणजी, लिहून घ्या!" सगुणा पुढं झाली. "सर्व्हरलाही हाच हुकूम लावते. यंत्र चालू झालं की पत्ता, बंद पडलं की पत्ता दुसऱ्याला. दोनशे चोपन्न सगळ्यांना पुरून उरतील!"

महाराज ओशाळले, पण मान सोडवेना. "आमचा पत्ता मात्र कायमचा हवा!"

"देते की! काही पत्ते कायमचे लागतातच. बाहेरचे निरोप आत घेणारं वेशीचं यंत्र, वैद्य, मुदपाकखाना. लोक तिथं धावत येतात, म्हणून त्यांनी रात्रंदिवस जागेवर हजर असावं लागतं. महाराज बसणार?"

महाराजांच्या डोळ्यांपुढं शिकार आली, मग दुपारची झोप आली. "नको नको! आम्हाला आपला फिरता दे!"

महाराजांचाच फिरता म्हटल्यावर फिरत्याला मान आला. आरती संपायच्या आत सरदारांनी सनदा आपणहून परत केल्या. आजोबांचीसुद्धा!

"शाबास, सगुणे! माग काय हवं ते!"

"महाराज, पत्ते फिरते झाले, पण दफ्तरखान्यात सहा वर्षं मीही फिरतीच आहे. दर अकरा महिन्यांनी दिवाणजी माझी नेमणूक बिल्ल्यासारखी परत घेतात आणि उपकार केल्यासारखी पुन्हा देतात. लोक धावत माझ्याकडेच येतात आणि मी जागेवर हजर असते. मग मला कोणत्या यादीत घालायचं, ते महाराजांनीच सांगावं!"

महाराज इतके हसले, की एक मोजडी हातातून सुटली आणि कुत्र्यानं ती पळवली. तरी हसू थांबेना! "दिवाणजी, काढा सनद! सगुणा कायमची! आणि ती मोजडी आणायला तुम्ही धावा!"

माझी गोष्ट संपली. मनवाची एक वेणी झाली होती, दुसरीची रिबन तिच्या दातांत होती. ती काढून मनवा म्हणाली, "आई, तुझ्या साहेबांना एकदा देवळात ने ना."